नागपूरला मे महिन्यात बंद पडलेल्या फ्युएल सेल संचाबाबत आमचे उत्तर

नमस्कार. नागपूरला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेला आमचा १ किलोवॅटचा फ्युएल सेल संच (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज तयार करणारे यंत्र) मे महिन्यात निम्म्या क्षमतेवर आला आणि पुढे बंदच पडला, असे आपण एक स्टार देऊन लिहिले आहे, आणि आम्ही जुना माल विकल्याचा आरोपही केला आहे. आत ६० अंशांवर चालणाऱ्या यंत्राला बाहेरच्या ४५ अंशांचे एवढे काय, आणि लेहमध्ये चालणारा संच नागपुरात का टिकू नये, हे आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

या तापमानाला मेम्ब्रेन, म्हणजे प्रत्येक सेलमधला प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा, बिघडते ते मुख्यतः कोरडे पडल्यामुळे, कारण ते ओलसर असेल तरच त्यातून प्रोटॉन सहज वाहतात. आपल्या संचात ऑक्सिजन पुरवणारी आणि स्टॅक (एकमेकांना लावून रचलेल्या सेलची चळत) थंड करणारी हवा एकाच पंख्याची असते; त्यामुळे दुपारी स्टॅक तापला की पंखा जोरात फिरतो, कोरडी हवा मेम्ब्रेनमधले पाणी ओढून नेते, रोध वाढतो आणि त्या रोधापायी स्टॅक आणखी तापतो. ओल धरली की मेम्ब्रेन फुगते, वाळली की आक्रसते, आणि हे रोज चालते. भोसरीत आमच्याकडे आपला स्टॅक उघडला तेव्हा सातव्या सेलमध्ये, हायड्रोजन आत येतो त्या कोपऱ्यात, गॅसकेटला लागून केसाएवढी चीर सापडली. इतर सेलचे विनाभार व्होल्टेज ०.९ च्या वर असताना याचे ०.७ भरले, म्हणजे हायड्रोजन पलीकडे झिरपत होता. जुना स्टॅक विकल्याचा आरोप मात्र आम्हाला मान्य नाही.

लेहची अडचण उलटी आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि कॅटॅलिस्टचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाचा) थर मेम्ब्रेनपासून सुटू लागतो, म्हणून तिथला संच बंद होताना कोरडी हवा सोडून आतले पाणी काढून टाकतो. विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी आम्ही अशी कोणतीच सोय केली नाही, आणि माहितीपुस्तिकेत आर्द्रतेचा उल्लेख न करता ‘० ते ४५ अंश’ एवढेच छापले, ही चूक आमची आहे. त्यामुळे स्टॅक विनामूल्य बदलून देत आहोत.

आपल्या फोटोत संचावर रोखलेला कूलर दिसतो. कल्पना वाईट नाही, पण बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले तर त्यातले कॅल्शियम मेम्ब्रेनमध्ये प्रोटॉनची जागा अडवून बसते. कृपया तो दुसरीकडे वळवावा. पंख्याच्या तोंडाशी हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजायला आमचा माणूस येईल, त्याला सकाळची नव्हे, दुपारी तीनची वेळ द्यावी.