श्ये बिंगयिंग ‘चीनची मुलान’ वगैरे नव्हती

पुन्हा ती पोस्ट फिरतेय, की श्ये बिंगयिंग नावाच्या चिनी मुलीने दंतकथेतल्या मुलानसारखा पुरुषाचा वेष घेतला, देशप्रेमापोटी माओच्या फौजेत घुसली, रणांगणात शत्रू कापले आणि घरी आल्यावर गावाने डोक्यावर घेतलं. बाई खरी आहे हो, बाकी मसालाच जास्त.

वेषांतर कशाला करेल? १९२६ साली वुहानच्या लष्करी शाळेने मुलींना उघडउघड भरती केलं होतं, दोनशेच्या आसपास मुली होत्या. केस कापलेले, अंगावर युनिफॉर्म, पण मुलगी म्हणूनच.

आणि माओची फौज? शाळा क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाची, कम्युनिस्ट तेव्हा त्यांच्यासोबत होते. कम्युनिस्टांची स्वतःची रेड आर्मी अजून जन्मालाच यायची होती!

देशप्रेम होतंच, नाही कोण म्हणतंय, पण तिने स्वतःच लिहून ठेवलंय की दहातल्या नऊ मुली घरच्या जाचातून सुटायला आल्या होत्या. हिचं तर लग्न लहानपणीच ठरवून ठेवलेलं, आईने पाय बांधलेले, शाळेत जायला मिळावं म्हणून अन्न सोडावं लागलं. अशा मुलीला बराक म्हणजे सुटकाच वाटणार ना.

शत्रू कापले हे तर कुठून आणलं देव जाणे. १९२७ मध्ये ती आघाडीकडे गेली हे खरंय, पण मुलींचं काम मुख्यतः प्रचार आणि जखमींची शुश्रूषा. तिची खरी कमाई वेगळीच: मुक्कामाला जमिनीवर बसून, गुडघ्याचं टेबल करून लिहिलेली डायरी, जी वुहानच्या पेपरात छापून आली आणि लेखक लिन युतांगने इंग्रजीत नेली. विशीतली पोरगी त्यावर फेमस झाली, बंदुकीवर नाही.

आणि डोक्यावर घेतलं म्हणे! त्याच वर्षी मुलींची तुकडी मोडली, ही घरी गेली तर आईने कोंडून ठेवली. पळायचे प्रयत्न फसले, शेवटी लग्न लावलंच, मग नवऱ्याला रात्र रात्र समजावत बसली की हे नातं मला मान्य नाही, आणि नंतर संधी साधून निघून गेली. मला विचाराल तर लढाईपेक्षा हे अवघड.

पुढेही स्वस्थ बसली नाही, जपानमध्ये शिकत असताना जेल भोगली, १९३७ ला जपानशी युद्ध पेटल्यावर हुनान प्रांतातल्या बायकांचं पथक घेऊन जखमींची सेवा करायला आघाडीवर गेली. १९४८ ला तैवान, तिथे कॉलेजात शिकवलं, म्हातारपण सॅन फ्रान्सिस्कोत, तिथेच २००० साली गेली. आता यात माओची फौज कुठे बसवायची ते पोस्टवाल्यांनीच सांगावं.