बिली हॉलिडेच्या नावावर फिरणारा मजकूर

ठाणे-नवी मुंबईतल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेवरचा एक मजकूर फिरतो आहे. त्यातला दावा असा: 'बिली हॉलिडे गाणं कधी शिकलीच नाही, दुःख आणि नशा यांनीच तिला गायिका केलं. वडिलांच्या मृत्यूवर तिनं स्वतः "स्ट्रेंज फ्रूट" लिहिलं. पुढे नशेपायी न्यूयॉर्कच्या क्लबांनी तिला दारं बंद केली.'

आधी 'स्ट्रेंज फ्रूट', अमेरिकेत जमावानं फासावर लटकवलेल्या कृष्णवर्णीयांवरचं गाणं. मूळ कविता एबल मीरोपोल या ब्रॉन्क्समधल्या शिक्षकाची, 1937 साली शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात छापलेली. चालही त्यांचीच. घोळ झाला तो बिलीच्या 1956च्या आत्मचरित्रामुळे. ते शब्दबद्ध केलं विल्यम डफ्टी या पत्रकारानं, आणि चालीत तिचा हात होता असं त्यात आहे. त्याच पुस्तकात आईवडिलांचं लग्न झाल्याचंही लिहिलंय. प्रत्यक्षात ते कधीच झालं नव्हतं. त्यामुळे एवढा एकच पुरावा धरून चालत नाही. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटारवादक, 1937 साली गेले. या गाण्यानं त्यांची आठवण येते असं ती सांगायची. वडिलांचा संबंध आहे तो इतकाच.

कोलंबिया या तिच्या रेकॉर्ड कंपनीनं नकार दिल्यावर तिनं हे गाणं 20 एप्रिल 1939 रोजी कमोडोर या छोट्या कंपनीसाठी गायलं. कविता जेमतेम बारा ओळींची, म्हणून निर्माते मिल्ट गेबलर यांना गाणं तोकडं पडेल अशी धास्ती. त्यांनी पियानोवादक सनी व्हाइटला सुरुवातीला काहीतरी वाजवायला सांगितलं. घड्याळ लावून ऐका: तिचा आवाज येतो तो सुमारे 70 सेकंदांनी.

आता 'शिकली नाही'. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती, हे खरं. पण ब्लूज गायिका बेसी स्मिथ आणि जॅझचा ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या रेकॉर्ड तिनं लहानपणापासून कान देऊन ऐकल्या. श्रवणाला आपण तालीम मानतो, मग तिच्या बाबतीत का नाही? आवाजाचा पल्ला जेमतेम सप्तकाच्या थोडा पुढे, आवाजही लहान. मायक्रोफोनजवळ हळू गाऊन तिनं त्याचाच उपयोग करून घेतला.

तिचं खरं काम लयीत आहे. 1935चं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' लावा; पियानोवर टेडी विल्सन. पायानं ठेका धरा, एक-दोन-तीन-चार. लय चांगलीच द्रुत आहे, तरी तिला जराही घाई नाही. शब्द ठेक्याच्या किंचित मागे पडतो, ओळ ताणली जाते आणि शेवटी ती अलगद जागेवर येते. हे साधतं, कारण साथीदार जागचे हलत नाहीत. ते तिच्यासाठी थांबले, तर मागे राहण्यातली गंमतच उरणार नाही. नक्कल करणारे नेमके इथेच चुकतात: मागे राहायला जातात आणि लयच ढिली पाडतात. मागे राहायचं असेल तर आतली मात्रा पक्की हवी. ती दुःखानं येत नाही, ऐकून आणि गाऊन येते.

नशेचं श्रेय तर कालक्रमानंच खोडून निघतं. हे ध्वनिमुद्रण 1935चं आणि हेरॉइन तिच्या आयुष्यात आलं 1940च्या दशकात. 1958चा 'लेडी इन सॅटिन' हा अल्बम ऐका: आवाज चिरका झालाय, वरचे स्वर गेलेत, पण शब्द ठेवण्याची जागा तीच. व्यसनानं घेतलं ते एवढं.

क्लबांनी दारं बंद केली हेही चूक; ती बंद केली कायद्यानं. 1947 साली अमली पदार्थांपायी अटक होऊन तिला वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या तुरुंगात पाठवलं. मार्च 1948मध्ये सुटल्यावर 27 मार्चला तिच्या कार्यक्रमाला न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल हे सभागृह खच्चून भरलं होतं. पण न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात गायला पोलिसांचं 'कॅबरे कार्ड' लागायचं आणि शिक्षेमुळे तिचं ते गेलं होतं. सभागृहात चालेल, क्लबात नाही, असा कायदा. रोजची कमाई तुटली ती तिथे.

आणि हे सगळं ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकू नका. तिचा लहान आवाज आणि शब्दांमागची ती किंचित उसंत रुळांच्या खडखडाटात सगळ्यात आधी बुडते. रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून ऐका.