१ मेच्या ‘दिनविशेषा’तील चुकीबाबत खुलासा

‘१ मे १९६० रोजी विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडले गेले’ असे सांगणारा, मीही घाईने पुढे पाठवलेला दिनविशेष चुकीचा आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या आठव्या कलमात मध्य प्रदेशातून आलेले विदर्भाचे आठ जिल्हे नावानिशी दिलेले असून (त्यात चंद्रपूर ‘चांदा’ म्हणून येते), ते आणि हैदराबाद राज्यातील मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजीच, सौराष्ट्र व कच्छसह, द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी घडले ते त्या राज्याचे विभाजन: गुजरात वेगळे झाले आणि उरलेला प्रदेश महाराष्ट्र झाला. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.