करप्याला औषधाची सवय लागते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

रामराम भाऊ,

तुमचं म्हणणं असं : केळीवरच्या करप्याला, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीला, औषधाची सवय लागते, दारूसारखी, म्हणून डोस दुप्पट करायचा. आणि ‘औषध बदला’ हा सल्ला फुकाचा, कारण प्रोपिकोनाझोल या बुरशीनाशकानंतर टेब्युकोनाझोल हे दुसरं मारूनही रावेरातल्या तुमच्या बागेत करपा हटला नाही.

आधी दुसरं. तुम्ही डबा बदललात, गट नाही. दोन्ही ट्रायाझोल या एकाच गटातली, बुरशीचं एकच एन्झाइम अडवतात. एकाला दाद न देणारी बुरशी बहुधा दुसऱ्यालाही देत नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही, डब्यावरचं तांत्रिक नाव वाचा.

आता सवय. समजा बागेत बुरशीचे 1 कोटी बीजाणू (तिचं बी) आहेत आणि त्यातल्या एकाच्या जनुकात एक अक्षर आधीपासूनच वेगळं आहे. फवारणीत 99 टक्के साधे मेले की 1 लाख उरतात, दुसरीनंतर 1 हजार, तिसरीनंतर 10. तो एक मात्र मरत नाही, वर वाढत राहतो. औषधाने त्याला काही शिकवलं नाही, भाऊबंद मारून वावर तेवढं मोकळं करून दिलं.

कार्बेन्डाझिम या वेगळ्या गटातल्या बुरशीनाशकाचंच घ्या. बुरशीच्या ट्युब्युलिन प्रथिनात 198 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलानिन आलं, की दुप्पट डोसही वाया. ट्रायाझोलच्या बाबतीत तुमचं निम्मं खरं आहे : तिथे सहनशक्ती पायरीपायरीने वाढते, त्यामुळे जादा डोस काही दिवस चालल्यासारखा वाटतो. पण झाडाची वाढ खुंटू शकते. आणि उलटं केलंत, म्हणजे 15 लिटरच्या पंपात 15 मिलि प्रोपिकोनाझोल (25 ईसी, म्हणजे 25 टक्क्यांचं) टाकायचं तिथे 8 मिलि टाकलंत, तर अर्धवट सहनशील बुरशी वाचून पुढची पायरी चढते.

औषधाला दोष देण्याआधी एवढं करून बघा. वीस झाडांवर नुकत्याच उलगडलेल्या पोंग्याच्या (शेंड्याच्या कोवळ्या पानाच्या) देठाला दोरा बांधा. दहांवर वरच्याच प्रमाणात प्रोपिकोनाझोल आणि पंपाला 150 मिलि खनिज तेल. उरलेल्या दहांवर मॅन्कोझेब हे वेगळ्या गटातलं बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम. ते नुसतं पानावर बसतं, पावसाने धुतलं जातं, म्हणून दर दहा दिवसांनी पुन्हा. महिन्याने दोऱ्याची पानं बघा. मॅन्कोझेबची स्वच्छ आणि दुसरीकडे करप्याच्या रेघा, तर प्रतिकाराचा संशय धरा. दोन्हीकडे रेघा असतील तर आधी नोझल तपासा, पानाची खालची बाजू भिजते का तेही.

मॅन्कोझेब बुरशीला एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतं, एका अक्षराच्या बदलाने तिची सुटका होत नाही. म्हणून औषधांच्या फेरपालटात ते हवंच. आणि करपलेला पानाचा भाग कापून बागेबाहेर न्या. बीजाणूच कमी, तर तो एक वेगळा निघण्याची शक्यताही कमी.