साहेब, इंडिकेटर बंदच ठेवा

टीम लीडर झालात? पेढे कधी? आता टीमशी बोलावं लागणार तुम्हाला, आणि बोलून बोलून नक्की काहीच कसं सांगायचं नाही हे शिकावं लागणार, तर १४ वर्षं लोअर परळच्या एका ऑफिसात साहेब लोकांचं ऐकून जे काही पदरात पडलंय ते फुकटात देतो, घ्या.

आधी म्हणजे करी रोडला प्लॅटफॉर्मवर उभे राहाल तेव्हा इंडिकेटरकडे बघू नका. वाईट सवयी लागतात. गाडी कुठली, किती मिनिटांत, फास्ट का स्लो, डबे किती, एका ओळीत विषय खल्लास. असं बोलायला लागलात तर लोक ऐकून सरळ कामाला लागतील, मग दोन तासांची मीटिंग घ्यायला तुमच्याकडे उरलं काय? डबेवाल्यांचंही तेच. १८९० पासून धंदा चालू आहे आणि झाकणावर अजून चार आकडे नि अक्षरं, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. ना 'अलाइन होऊया', ना 'सिंकमध्ये राहूया', आणि डबा जेवायच्या वेळेला हजर. ह्यात लीडरशिप कुठंय सांगा.

त्यापेक्षा व्हॉइस नोट पाठवा. आमचे साहेब पाठवायचे, चार-चार मिनिटांच्या, गाडीत बसून, मागे हॉर्न, मध्येच ड्रायव्हरला 'अरे लेफ्ट घे, लेफ्ट'. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने स्पीड वाढवायची सोय दिली तेव्हा आमच्या अख्ख्या टीमने मनातल्या मनात नारळ फोडला. दुप्पट स्पीडला साहेब कार्टूनसारखे ऐकू यायचे, पण शेवटपर्यंत ऐकावं लागायचंच, कारण 'उद्या क्लायंट अकराला येतोय' हे वाक्य कुठं दडून बसलेलं असेल भरवसा नाही. एकदा ते दोन लेफ्टच्या मधे सापडलं.

लेखी कळवायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सातला कळवा. 'सोमवारी केबिनमध्ये ये. बोलायचंय.' बस, पुढे एक शब्द नाही, आणि फोन सायलेंटवर. मला आला होता असा. दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, होमलोनचे हप्ते किती राहिलेत ते काढून बघितलं, बायकोनं रविवारी मटण केलेलं त्याची चव कळली नाही, दोघा ओळखीच्यांना सीव्ही पण पाठवून ठेवला. सोमवारी गेलो तर साहेब म्हणतात, 'अरे तुझ्या ओळखीत तो देवगडचा आंबेवाला आहे ना, नंबर दे की त्याचा.' चार डझन घेतले त्यांनी. (नंतर आंबट निघाले म्हणाले, ते पण नेमके अप्रेजलच्या आठवड्यात.)

'माझं दार कायम उघडं आहे' हे पहिल्या दिवशीच जाहीर करून टाका. फक्त दाराला वर तो क्लोजर बसवून घ्या, आपोआप मिटतं. मीटिंगच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' विचारायचं, विचारता विचारता लॅपटॉप मिटायचा. आमच्याकडे एका नवीन पोराने खरंच प्रश्न विचारला, तर 'छान प्रश्न आहे, तूच ह्यावर पीपीटी कर, शुक्रवारपर्यंत'. त्यानंतर आमच्या टीममध्ये कुणालाच कसली शंका राहिली नाही.

पण लीडरचा खरा कस लागतो तो जुलैत. पहाटेपासून धो धो, हवामान खात्याचा रेड अलर्ट, हिंदमाताला पाणी तुंबलंय. ज्याने २६ जुलै २००५ बघितलाय, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, तो माणूस ढग बघून ग्रुपवर विचारणारच की सर, आज यायचं का. इथे 'या' लिहायचं नाही, आणि 'येऊ नका' तर नाहीच नाही. लिहायचं, 'प्लीज यूज युवर डिस्क्रीशन. स्टे सेफ.' पुढे हात जोडलेले. काय वाक्य आहे बघा, आलात तर तुमची हौस, नाही आलात तर तुमची रजा, आणि वाहून गेलात तर तीही तुमचीच डिस्क्रीशन.

एका वर्षी अशाच दिवशी आम्ही अकरा जण पोचलो. साडेतीनला कँटीनचा पोरगा चहा घेऊन आला, म्हणाला, 'तुम्ही अजून बसलाय? साहेब गेले ना मघाशीच, तीनला गाडी काढली.' केबिनचा लाइट चालू, खुर्चीला जॅकेट अडकवलेलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, चहा तसाच ठेवला आणि करी रोडकडे पळालो. गाडी मिळाली, सायन सोडलं आणि थांबली ती थांबलीच, दीड तासाने लोक खाली उतरायला लागले. सातला ग्रुपवर साहेब आले, 'होप एव्हरीवन रीच्ड सेफली. टीम, अपडेट प्लीज.' मी रुळांवर, एका हातात बूट, पाणी गुडघ्याच्या वर. पुढे आमचाच एक जण चालला होता, त्याचा मोबाइल उजळला, तो थांबला, अंगठा टाकला आणि परत चालायला लागला. मी पण टाकला.