ज्या जंतूने हातपाय लुळे केले, त्याचीच लस?

नमस्कार,

कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूच्या प्रथिनांपासून लस करण्यावर मी लेख लिहिला होता; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "सिंहगड रोडला घाण पाण्याने माणसं आयसीयूत गेली आणि तुम्ही त्याच जंतूचे तुकडे आम्हाला टोचायला निघालात?" हा तुमचा सवाल. राग अगदी रास्त आहे. जानेवारी २०२५ मी पुण्यात, धायरीतच काढलाय. जुलाब थांबून दहा दिवस झाल्यावर शेजारच्या काकूंच्या हातून आमटीची वाटी सुटली, आणि ती उचलायला बोटं मिटेनात. त्या साथीत पुणे परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) २०० हून जास्त संशयित रुग्ण निघाले. माझ्या लेखात पाण्यावर एकच ओळ होती, तिथे मी चुकले. क्लोरीन आणि पाइपलाइन आधी, यात वादच नाही.

पण "त्याच जंतूचे तुकडे" हे मला पटत नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. त्याच्या आवरणावर साखरेच्या आखूड साखळ्या असतात. जंतूच्या काही वाणांत त्या आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या, साखर जोडलेल्या स्निग्ध रेणूंशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की जंतूसाठी तयार झालेल्या अँटिबॉडी आपल्याच नसांवर चालून जातात. संसर्ग झालेल्या साधारण १००० जणांत एकाच्या वाट्याला हे येतं. म्हणूनच अख्खा जंतू मारून लस करायची म्हटलं की माझ्याही पोटात गोळा येतो.

प्रथिनांचा रस्ता धरायचा तो यासाठीच. कॅडएफ नावाचं प्रथिन घ्या. आतड्याच्या पेशींना चिकटायला जंतू ते वापरतो. त्याचा जनुक प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलाय जंतूमध्ये घालून प्रथिन बनवायचं आणि शुद्ध करून घ्यायचं. ती घातक साखळी बनवण्याची यंत्रणाच या ई. कोलायकडे नसते. अँटिबॉडी कॅडएफला धरून बसल्या, तर जंतूला चिकटणं अवघड होतं.

काम किचकट आहे. आवरणात रुतलेली ही प्रथिनं वेगळी केली की त्यांची घडी बिघडते, मग अँटिबॉडीही भलत्याच आकाराविरुद्ध तयार होतात. पोरिन प्रथिनांचे (आवरणात छिद्रं तयार करणाऱ्या प्रथिनांचे) बाहेर डोकावणारे भाग तर वाणागणिक बदलतात. माणसांसाठी मंजूर झालेली लस अजून एकही नाही.

आणि नळाला चांगलं पाणी आलं तरी हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतोच. जिथे नळाचं पाणी थेट पितात त्या युरोपातल्या देशांतही जुलाबाचं तो एक मोठं कारण आहे. आपल्याकडे रविवारी चिकन ज्या सिंकमध्ये धुतात, त्यातच मागाहून कोथिंबीर धुतात.

पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसात निवेदन द्यायला जाणार असाल तर कळवा. मी सोबत येईन.