मांडवीच्या पुलांना रंग नंतर लावा, आधी पाण्याच्या नळ्या मोकळ्या करा

पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. खुला झाला होता १९७० मध्ये, म्हणजे वय जेमतेम सोळा. त्यानंतर कित्येक वर्षं पणजी-बेती फेरीबोटीवरच भिस्त होती. पूल वाहनांच्या ओझ्याने पडला नाही, आतल्या केबल गंजल्या होत्या. तरी अजून पुलाची तब्येत आपण रंगावरून ठरवतो, याची खरंच चीड येते.

अशा पुलात काँक्रीटच्या पोटातल्या नळ्यांतून पोलादी तारांच्या जुड्या, म्हणजेच केबल, ओवतात, ताणतात आणि मग नळीत सिमेंटचं पातळ ग्राउट भरतात. ग्राउट बसताना पाणी सुटून वर येतं. नळीचा उंच भाग बहुधा खांबाच्या माथ्यावर असतो, नेमकी तिथेच पोकळी राहते. इथे मांडवी म्हणजे खाडीच, भरतीचं खारं पाणी रोज आत येतं. हे मीठ तारेपर्यंत पोचलं की संपलं. साधी सळई गंजून फुगते, काँक्रीटचे ढलपे पडतात, निदान दिसतं तरी. ताणलेली तार मात्र बाहेर एकही डाग न दाखवता तुटू शकते.

म्हणून पाणी थांबवणं हेच खरं काम. कठड्यालगतच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या माती आणि प्लास्टिकने तुंबल्या की पावसाचं पाणी एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधली प्रसरणासाठी ठेवलेली फट, गाठतं. तिथलं रबर फाटलेलं असलं तर ते थेट गर्डरच्या (पूल पेलणाऱ्या तुळईच्या) टोकावर आणि बेअरिंगवर (तुळई आणि खांब यांमधल्या टेकूवर) उतरतं. पुलाखाली उभं राहून जॉइंटच्या खाली बघा: पांढरे चुन्याचे ओघळ दिसले तर पाणी काँक्रीटमधून झिरपतंय असं समजा. तांबूस असतील तर गंज सुरू झालेला आहे.

दुसरी चूक डांबराची. जुना थर न खरवडता वर ५० मिलिमीटरचा नवा चढवला, तर दहा मीटर रुंदीच्या पुलावर दर मीटर लांबीला एक टनाहून जास्त वजन कायमचं वाढतं. वर जॉइंटही गाडला जातो.

आज तिथे तीन पूल आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ चा. तिन्हींची तपासणी पावसाआधी आणि पावसानंतर व्हावी, जॉइंट, बेअरिंग आणि केबलचा अहवाल फोटोंसकट लोकांसमोर ठेवावा. कुठल्या खांबाजवळची पाण्याची नळी तुंबली होती आणि ती कधी साफ केली, एवढं तरी त्यात असलंच पाहिजे.